मागच्या दारचे पक्षी

६ मार्च
डोंगरावरची खोली

वहिनी,

नमस्कार. आदराने सुरुवात करतो आहे, शेवटपर्यंत टिकेल अशी हमी देत नाही.

चार दिवसांपूर्वी जीपवाल्याने मला इथे आणून टाकलं. मोजणी कार्यालयाचे साहेब म्हणाले होते, "थोरल्या भावाचं काम धाकट्याने पुढे न्यावं यात एक शोभा आहे." शोभा भरपूर आहे. खोलीच्या पुढे सिमेंटचा ओटा, ओट्यावर लोखंडी खुर्ची, आणि खुर्चीमागच्या भिंतीवर गेल्याच महिन्यात बसवलेली पितळी पाटी: 'या जागेवरून एका माणसाने चौदा वसंतांत दीड लाख शिकारी पक्षी मोजले.' तो माणूस म्हणजे आपला दादा. ज्याला लहानपणी स्वतःच्या खिशातल्या गोट्या धड मोजता येत नव्हत्या, तो.

काम तसं सोपं आहे. समोरच्या दोन सुळक्यांच्या मधोमध एक रेघ मनात धरायची. दक्षिणेकडून येऊन ती रेघ ओलांडेल तो गरुड, बाज, ससाणा एकेक करून मोजायचा. उलटा फिरला तर वजा करायचा. कार्यालयाने मुठीत मावेल असं एक यंत्र दिलं आहे, अंगठ्याने कळ दाबली की आकडा पुढे सरकतो. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी या खुर्चीत हलत नाही. चार दिवसांत माझ्या अंगठ्याला झालेले श्रम असे: अकरा, सात, तीन, एकोणीस. गेल्या वर्षी याच चार तारखांना दादाच्या वहीत रोज दोनशेच्या खाली आकडा नाही.

मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. खोट्या मापाचा वास मला दुकानाच्या पायरीवरच यायचा. तो इथेही येतो आहे.

वारा कान कापून नेतो. खिळ्यावर दादाचा मफलर होता, तो गुंडाळून बसतो. रागावू नका, पण वीस वर्षं स्वेटरच्या कारखान्यात टाके तपासण्यात घालवलेल्या बाईने हे काय विणलं आहे? रंग ओळीच्या मध्येच बदलतो. कुठे सपाट, तर कुठे पुळ्या उठाव्यात तशा गाठी. पाहुण्यांसमोर घालायची लाज वाटावी असा आहे, पण सुदैवाने इथे पाहुणे फक्त दुपारी जीपने येतात आणि ते पाटीपुढे फोटो काढण्यात गुंग असतात.

गुडघा कसा आहे ते कळवा.

थंडीने आखडलेला,
तुमचा धाकटा दीर


११ मार्च
लेकीचं घर, तिसरा मजला

भाऊजी,

पत्र मिळालं. माझ्या हातात देण्याआधी जावयांनी ते चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. या घरात हल्ली फक्त बिलं येतात.

मला त्यांनी इस्त्रीची खोली दिली आहे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कपड्यांचा ढीग. लेक म्हणते, आई, तू नुसती बसून राहा. बसून राहते. गुडघा आहे तिथेच आहे.

चार दिवस झाले नाहीत तोवर तुम्हाला वास येऊ लागला. नाक तुमचं पहिल्यापासूनच लांब. सासूबाई म्हणायच्या, हा जेवायला बसला तरी आधी ताटाचा काठ तपासतो. हे गेल्यावर तुमचे ते साहेब इथे भेटायला आले होते. तासभर बसले, माझ्या हातचा चहा दोनदा घेतला, डोळे पुसले आणि मला विचारलं, "धाकटे बंधू हल्ली काय करतात?" मी म्हटलं, काही नाही, रिकामे आहेत. अशी तुमची नेमणूक झाली. तेव्हा कुणाची शोभा आणि कुणाचा वारसा, याचा टेंभा माझ्यापुढे मिरवू नका.

मफलर पसंत नसेल तर परत खिळ्याला लावा. धुऊ नका, आणि उसवू तर मुळीच नका.

मागच्या दारी कपड्यांची दोरी आहे. सैल पडली असेल तर खुंटी ठोकून घ्या. कपडे तिथेच वाळत घाला, सकाळी नऊनंतर, स्वतःच्या हाताने, आणि घाई करू नका. पुढच्या बाजूला वाळवू नका, वारा कपडे दरीत नेतो.

वहिनी


२० मार्च
डोंगरावरची खोली

वहिनी,

कपडे वाळवण्याच्या शास्त्राबद्दल आभारी आहे. मागच्या दारी बघण्यासारखं काही नाही. नुसता दगडांचा उतार आणि पाण्याची टाकी. पहाटे टाकीवरून पाणी आणतो तेवढाच माझा तिकडे संबंध. तुमची दोरी मी सोडली. सामानाची खोकी बांधायला बरी पडली. बनियन खुर्चीच्या पाठीवर वाळवतो. एक दरीत गेलं खरं, पण ते मी मोजणीत धरलेलं नाही. दादाने धरलं असतं.

हे मी थट्टेने लिहीत नाही. सगळ्या वह्या काढून बसलो. पहिले तीन मोसम: आठशे चाळीस, नऊशे दोन, आठशे सत्त्याहत्तर. इथवर एक माणूस मोजतो आहे. चौथा मोसम: तेरा हजार सातशे. पुढची दहाही वर्षं त्याच थाटात. भेसळ करणारा दुकानदारसुद्धा हळूहळू हात मारतो हो. दादाने आठशेवरून एकदम तेरा हजारांवर उडी मारली आणि कार्यालयात एकाच्याही भुवया उंचावल्या नाहीत. उलट पाटी.

तुम्हाला ठाऊक आहे, आई शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे होती. रोजचं औषध मी दिलं, कूस मी बदलली. दादा वर्षातून दोनदा यायचा, पलंगावर बसून तिला हसवायचा, आणि तो गेला की शेजारी म्हणायचे, थोरला किती मायाळू आहे. जन्मभर हेच. मी करायचं आणि पाटी त्याची. तेव्हा आता मला कोणी सांगू नये की मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलणार नाहीच. मी अहवाल लिहिणार आहे. चौथ्या मोसमापासूनचे सगळे आकडे रद्द करावेत, अशी शिफारस.

कालचा आकडा बावीस. खरा आहे.

दीर


२५ मार्च
लेकीचं घर

भाऊजी,

अहवाल पाठवू नका.

महिनाभर थांबा. बावीस पक्षी मोजून माणसाला इतका माज येतो हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंचं तुम्ही केलंत, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि चारचौघांत सांगितलंही आहे. तुम्हाला ते ऐकू आलं नसेल, कारण तुम्ही तेव्हा ह्यांची स्तुती कोण कोण करतंय तिकडे कान लावून बसला होतात. पण तो राग आकड्यांवर काढू नका. आकड्यांनी तुमचं काय बिघडवलंय?

आणि दुकानात शिरल्याबरोबर तुम्ही काय बघायचात हो? वजनं? की तराजू कुठे टांगलाय ते? हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे कमाल झाली.

दोरी परत बांधा. खोकी बांधायला जीपवाला दुसरी देईल. कारण विचारू नका, मला सांगायचं नाही. स्वतःच्या पायांनी चार पावलं चाललात तर सांगावं लागणारही नाही.

वहिनी


३ एप्रिल
डोंगरावरची खोली

वहिनी,

तुमचं पत्र आलं त्या जीपनेच अहवाल खाली गेला होता. आधी आलं असतं तरी गेलाच असता.

आज उत्तर आलं. साहेब लिहितात, त्यांना 'अत्यंत वेदना' झाल्या. अकरा मोसमांच्या नोंदी रद्द. खऱ्या आकड्यांवरून पाहता या डोंगरावरून फारसे पक्षी जातच नाहीत, तेव्हा मेअखेर ही जागाही बंद. पाटी काढायला ते स्वतः येणार आहेत. बसवायला बारा माणसं आली होती, काढायला एकटे येणार. अशी कामं गुपचूप करायची असतात.

खरं सांगतो, मला वाटलं होतं आज बरं वाटेल. चहा केला, तो बेचव लागला. खुर्चीत बसलो, तर पाटी पाठीला टोचते आहे असं वाटत राहिलं. तरीही मी चुकलो असं म्हणणार नाही. माप खोटं होतं.

वाईट एका गोष्टीचं वाटलं. नवऱ्याची बाजू तुम्ही घेतलीत, ठीक. पण इतकी वर्षं त्याच्या शेजारी राहून, खोटे आकडे रोज संध्याकाळी वहीत चढताना बघून, तुम्ही मूग गिळून बसलात. तुम्ही स्वतः तपासनीस होता. एक टाका सुटला तर अख्खा स्वेटर परत पाठवणारी बाई, अशी तुमची कारखान्यात ख्याती होती. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

दीर


८ एप्रिल
लेकीचं घर

भाऊजी,

बसा. ओट्यावर नको, मागच्या दारी पायरीवर बसून वाचा. आणि हे पत्र वाचून झाल्यावर उद्या सकाळी नऊ वाजता तिथेच बसा.

सकाळचं ऊन मागच्या उतारावर पडतं. दगड तापतात, हवा वर उठते आणि पक्षी त्या हवेवर चढतात. पंख न हलवता गोल गोल वर जातात आणि मग एकामागून एक उत्तरेकडे घसरतात. नऊ ते साडेबारा. ओट्यावरून यातलं काही दिसत नाही, मधे खोली आहे आणि तिच्यामागे कडा. दुपारनंतर ऊन पुढे येतं तेव्हा उरलेसुरले दहा-वीस पुढून जातात. पाहुणे दुपारी येतात, म्हणून खुर्ची पुढे आहे. इतकं सरळ आहे ते.

पहिले तीन मोसम हे पुढे बसले आणि आठशे मोजले. चौथ्या मोसमात मी कारखाना सोडून वर राहायला आले. दुसऱ्याच दिवशी कपडे वाळत घालताना मान वर केली, तर डोक्यावरून रांग चालली होती. ह्यांना हाक मारली. हे म्हणाले, घारी असतील. मी म्हटलं, घारी एवढ्या शिस्तीत जात नाहीत. हे आले, पाहिलं, मटकन पायरीवर बसले. मग म्हणाले, "तू इथे बघ, मी पुढे बघतो." अकरा मोसम हे पुढे बघत होते. सकाळी दाढी, मग लेख लिहिणं, मग पाहुण्यांची वाट.

मी मोजायचे. तुमच्या यंत्राने नव्हे, सुयांनी. वीस वर्षांच्या सवयीने माझे हात न बघता विणतात, त्यामुळे डोळे वर मोकळे. एक पक्षी, एक सपाट टाका. झुंडीने आले की दहांना मिळून एक उठलेला टाका. ज्याला तुम्ही पुळी म्हणता तो. उलटा फिरला तर टाका काढायचा. दिवस संपला की रंग बदलायचा, मग ओळ पुरी झालेली असो वा नसो. धुक्याच्या दिवशी काळ्या लोकरीचा एकच टाका, म्हणजे शून्य. चार वाजता हे चहाला मागे यायचे आणि विचारायचे, "आज किती?" मी टाके मोजून सांगायचे. बहुतेक सगळे मधुबाजच असतात, वेगळे असतील ते मी लक्षात ठेवायचे. मी म्हणायचे, पांढऱ्या पोटाचे चार. हे म्हणायचे, ते साप खाणारे गरुड. नावं ह्यांची, आकडे माझे. मग हे पुढे जाऊन वहीत लिहायचे आणि सही करायचे.

एकदा एका बातमीदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "आणि ह्या?" हे म्हणाले, "ही विणते." खोटं नव्हतं ते.

मी का बोलले नाही असं विचारता. मला कोणी विचारलं का? साहेबांनी दोनदा चहा मागितला, तेही एकदा साखर कमी म्हणून. हे गेल्यावर मी ठरवलं होतं की आता जाऊ दे. पण तुमच्या अहवालाने मला कुठे नेऊन ठेवलंय बघा. गप्प बसले तर हे खोटारडे ठरतात. बोलले तरी हे खोटारडेच ठरतात. वाचतात ते फक्त आकडे. चार दिवस मी इस्त्रीच्या ढिगापुढे बसून हा हिशेब मांडला. नवरा तर गेला. आकडे तेवढे माझे आहेत, ते मी जाऊ देणार नाही.

खिळ्यावरचा मफलर गेल्या मोसमाचा आहे. बाकीचे दहा इथे माझ्या ट्रंकेत आहेत. तुम्ही निरीक्षक ना? मग करा तपासणी.

वहिनी


१४ एप्रिल
डोंगरावरची खोली

वहिनी,

दोरी बांधली. आधी हे सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही वाचाल.

दहा तारखेला पत्र आलं. वाचून पहिला विचार मनात आला तो असा, की बाई नवऱ्याला वाचवायला काय काय रचते. अकराला सकाळी केवळ तुमचं खोटं पकडायला म्हणून मागच्या पायरीवर बसलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी डोंगराच्या कुशीतून पहिला वर आला. मग तीन. मग मी कळ दाबत गेलो ते साडेबारापर्यंत दाबतच होतो. अकराशे शहात्तर. अंगठा सुजला आहे, हे पत्र त्यामुळेच असं वाकडंतिकडं. मी महिनाभर त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो. तेही खुर्चीत, ताठ, खात्यातल्यासारखा. माझ्यासारखा गाढव या डोंगरावर दुसरा चढला नसेल.

मग मफलर. जुनं भिंग आणि टाचणी घेऊन तीन दिवस बसलो. काळ्या टाक्यावरून धुक्याचे दिवस लागले, त्यावरून तारखा लागल्या. पाच एप्रिल, वहीत चारशे एकोणीस, मफलरवर चारशे एकोणीस. नऊ एप्रिल, सहाशे चौतीस, सहाशे चौतीस. सोळा दिवस तपासले. पंधरा दिवस टाक्याला टाका जुळला. माझ्या नोकरीत सरकारी वजनंसुद्धा इतकी खरी निघाली नाहीत.

सवय जात नाही म्हणून लिहितो: वीस एप्रिल. वहीत चौदाशे बारा. मफलरवर एकशे एकवीस उठलेले आणि एकशे ब्याण्णव सपाट, म्हणजे चौदाशे दोन. दहा कमी. त्या पट्ट्याच्या शेवटी एक बारीक भोकही आहे, घाईने रफू केलेलं. तेव्हा हे दहा कुठून आले?

साहेबांना कळवलं आहे की अहवाल मागे घेतो. चौतीस वर्षांत एकही घेतला नव्हता.

तुमच्या पाया पडावं असं वाटतं, पण तुम्ही म्हणाल आता नाटकं पुरे.

दीर


१९ एप्रिल
लेकीचं घर

भाऊजी,

नाटकं पुरे.

गाढवाबद्दल तुम्ही स्वतःच लिहिलंत म्हणून माझी शाई वाचली. भोक दिसलं म्हणजे नजर अजून शाबूत आहे. त्या दहांचं मला माहीत आहे. सांगायचं झालं तर सांगेन.

साहेब काय म्हणतात ते कळवा. अंगठ्याला मिठाच्या कोमट पाण्याचा शेक द्या. आणि झुंड आली की एकेकाला कळ दाबत बसू नका, दहांचा एक गठ्ठा डोळ्यांनी उचलायला शिका. तुमचे अकराशे शहात्तर कमीच आहेत.

वहिनी


३० एप्रिल
डोंगरावरची खोली

वहिनी,

साहेब आले. हातात पाटी काढायचा पाना होता. मी त्यांना ओट्यावर न नेता सरळ मागच्या दारी नेलं. साडेनऊ झाले होते. अर्धा तास तोंड उघडं टाकून उभे होते, टोपी पडली ती उचलली नाही. मग म्हणाले, "जागा बंद करण्याचा प्रश्नच नाही." आकडे परत धरले. सगळे, अकराही मोसम.

इथवर वाचून आनंद झाला असेल तर आवरा. पुढे मी त्यांना मफलर दाखवला, सुयांचं सगळं समजावलं. त्यांनी मान हलवत ऐकलं. चार दिवसांपूर्वी कार्यालयाचं पत्र आलं. 'घरगुती विणकाम नोंद म्हणून ग्राह्य धरता येत नाही.' आणि नवीन पाटी बसवायची आहे, मागच्या बाजूला. मजकूर असा: 'एका भावाने सुरू केलेलं कार्य दुसऱ्या भावाने उजेडात आणलं.' त्यात तुम्ही नाही. तुमचा चहाही नाही.

मी हसलो, वहिनी, आणि मग संतापाने उत्तर लिहायला बसलो. पन्नास वर्षं मी पाटीसाठी जळलो. मिळाली ती ही. पुन्हा दुसऱ्याच्या कामावर बसलेली, दादाच्या पाटीसारखीच.

ते उत्तर साहेबांना पाठवलं आहे. पाटी नको. पुढच्या मोसमापासून मी नाही. माझ्या जागी तुमची शिफारस केली आहे. त्यांनी जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला की बाईंना गुडघ्याचा त्रास आहे. मी उलट विचारलं, कार्यालय गुडघ्याने मोजतं का? आणि अकरा वह्यांच्या प्रत्येक पानावर दादाच्या सहीखाली मी एक रेघ मारून 'मोजणारी' असं लिहिलं आहे. वह्या या जीपने पाठवतो आहे. सह्या करा. विणकाम ग्राह्य नसेल, सही तर ग्राह्य आहे.

दादाची सही खोडायची की ठेवायची ते तुम्ही ठरवा. मी ठरवलं तर खोडेन.

दीर


६ मे
लेकीचं घर

भाऊजी,

वह्या परत पाठवते आहे. तीन दिवस सह्या केल्या. जावयांनी विचारलं, सासूबाई, एवढं काय लिहिताय? लेक म्हणाली, तिला करू दे, वेळ जातो तिचा. मी दोघांना एक पान दाखवलं. मग लेकीने इस्त्री बंद केली आणि एकेक पान उलटून द्यायला बसली.

मोसम संपायला तीन आठवडे आहेत. जीपवाल्याला सांगा, गुरुवारी पुढची सीट माझ्यासाठी ठेव. लोकर घेतली आहे. दोरी बांधली म्हणता, पण तुमच्या गाठीवर माझा विश्वास नाही, मी आले की बघेन. खोली तुम्हाला, पायरी मला. तुम्ही यंत्र घेऊन शेजारी बसलात तर चालेल, फक्त बोलायचं नाही. दुपारी पाहुणे आले तर त्यांना मागे घेऊन या. आणि ती जुनी पाटी भिंतीवरून उतरली असेल तर टाकू नका. पितळ जाड आहे, गरम किटली ठेवायला बरं.

ह्यांच्या सह्या मी खोडल्या नाहीत. माझी खाली आहे, तेवढं पुरे. वाचणारा काय समजायचं ते समजेल.

राहिले ते दहा. गेल्या वर्षी वीस एप्रिलला हे नेहमीपेक्षा लवकर मागे आले. बाराच वाजले होते, रांग चालू होती. प्रकृती तेव्हाच उतरली होती, पण आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नव्हतो. शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "एकदा मला दे." मी सुया हातात दिल्या. वर बघून म्हणाले, "ते बघ, दहा." आणि एक उठलेला टाका घालायला लागले. तो टाका घालायला ह्यांना पाच मिनिटं लागली, जीभ बाहेर काढून, लहान मुलासारखी. घातला, आणि सुया मला परत देताना निसटू दिला. तेच ते भोक. नंतर मी रफू केलं. चार वाजता विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, चौदाशे दोन. हे आत गेले आणि चौदाशे बारा लिहून आले. 

त्या पानावर मी चौदाशे दोन असं लिहून त्याखाली सही केली आहे. ते दहा खरे होते की नाही मला सांगता येत नाही, कारण अकरा वर्षांत त्या पाच मिनिटांत तेवढी मी आकाशाकडे बघत नव्हते. ह्यांच्या बोटांकडे बघत होते. त्या दहांवर सही ह्यांची एकट्याचीच राहू द्या.

वहिनी